न सापडलेली नऊ माणसं

उंबऱ्यापाशी सहा जोड चपला ओळीनं पडलेल्या दिसत असताना बूट घालून थेट आत येणारी बाई गवराबाईनं बहात्तर वर्षांत पहिल्यांदाच पाहिली. बरं, अडाणी म्हणावी तर तसंही नाही. नावामागं डॉक्टर लावणारी, पुण्याच्या कॉलेजात शिकवणारी. ती कोचावर टेकली, हर्षालीनं आणलेल्या चहाकडं तिनं एकदा बघितलं आणि कप तसाच बाजूला सरकवला. चहावर साय धरली तरी हात लावला नाही.

आणि हे सगळं कुठं, तर ज्या घरातलं माणूस जाऊन उणेपुरे बारा दिवस झाले होते तिथं.

"मावशी, या दीपमाला मॅडम," सुजित म्हणाला. "आपल्या स्वरूपाबाईंच्या जोडीनं संशोधन करायच्या. माझ्याकडं काम घेऊन आल्यात."

सुजित गवराबाईच्या बहिणीचा मुलगा. आकुर्डीला स्टेशनजवळ त्याचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. लग्नाआधी मुलाची चौकशी कर, आजारपणाची रजा टाकून कोण गावाला शेत करतोय ते बघ, असली त्याची कामं. माणूस सरळ होता. डोकं जरा सावकाश चालायचं, पण ते मावशीनं सांगितलं तरच त्याला पटायचं.

"काम साधं आहे," दीपमाला म्हणाली. "स्वरूपाची एक काळ्या पुठ्ठ्याची वही सापडत नाहीये. पोलिसांनी सामान परत दिलं, त्यात नव्हती. मुलाखतींच्या नोंदी आहेत त्यात. सोमवारी मुंबईत समितीसमोर सुनावणी आहे, मला ती वही लागणार. सुजितराव तुमच्या नात्यातले, म्हणून मुद्दाम त्यांना गाठलं."

"चार वर्सं तुमी दोघी संगट काम करत होता. या घरी कधी दिसला न्हाईत."

"योगच आला नाही. आज पहिल्यांदाच येतेय. एरवी मला गुरुवारच मोकळा असतो, त्या दिवशी तास नसतात. आज रजा टाकून आले."

गवराबाईनं मान हलवली.

करंजवाडी हे तळवड्याच्या पलीकडलं, नदी ओलांडून चाकणच्या अंगाचं गाव. स्वरूपा इथं चार वर्षांपूर्वी आली आणि गवराबाईच्या वरच्या खोलीत राहिली. तिच्या विषयाचं नाव राजकीय मानवशास्त्र. गवराबाई त्याचा अर्थ आपल्या परीनं सांगायची: गावात सत्ता कुणाच्या ओट्यावर बसते, ते बघायचं शास्त्र. स्वरूपानं बघितलं आणि लिहिलं. सरपंच कोण, ठेकेदार कोण, कंपनीत कंत्राटी पोरगा कुणाच्या चिठ्ठीवर लागतो आणि मतदान चुकलं की कुणाच्या फोनवर घरी बसतो. नावं बदलून लिहिलं, पण खरं लिहिलं.

तिची एक खोड होती. कुणी काही सांगितलं की आठवड्यानं परत त्याच्याकडं जायची, लिहिलेलं वाचून दाखवायची आणि विचारायची, "असंच म्हणाला होतात ना?" माणूस हो म्हणेपर्यंत ते छापायची नाही.

तिचा आणि दीपमालाचा निबंध देशोदेशी वाचला गेला. परदेशातल्या एका विद्यापीठानं दोघींना पुढच्या पाच वर्षांचं काम देऊ केलं. आणि सरकारनं कंत्राटी कामगारांसाठी नेमलेल्या समितीनं तोच निबंध पुढ्यात घेतला. गावातले त्रेसष्ट जण कंपनीनं एका दिवसात काढले होते. त्यांचं काम परत मिळायची वाट त्या निबंधातून जात होती. त्रेसष्टात गवराबाईचा नातू गोरक्ष होता आणि त्याची बायको हर्षाली सहा महिन्यांची पोटुशी होती.

"त्या दिवशी बारा वाजता स्वरूपाचा मला फोन आला होता," दीपमाला सांगत होती. "मी कॉलेजात होते. म्हणाली, मोटर लावलीय, टाकी भरली का बघायला गच्चीवर चाललेय. एका मिनिटात फोन ठेवला. तेच तिचं शेवटचं बोलणं. पोलिसांना मी तसा जबाब दिलाय."

गच्चीच्या मागच्या अंगाला कठडा नव्हता. वरचा मजला चढवायचा म्हणून तो पाडलेला आणि खाली खडीचा ढीग. त्या गुरुवारी पुनावळ्याला भाच्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पाव्हणे बहुतेक कंपनीतले, सगळ्यांना सुट्टी म्हणून तोच वार धरलेला. पहाटे उठून टाकी भरली, आठला गच्चीवर कुरडया घातल्या, आणि साडेनऊला घरातली मंडळी निघाली. स्वरूपाही येणार होती. ऐन वेळी म्हणाली, "आजी, मी थांबते. कुणीतरी येणार आहे. कावळ्यांपासून तुमच्या कुरडया राखते." पाचला सगळे परतले तेव्हा ती खडीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, दुपारी एकच्या आतच गेली. सहाला पोलीस आले, पंचनामा झाला, आणि दीपमालाच्या जबाबावरून अपघात अशी नोंद झाली.

"मी तिची खोली बघू का?" दीपमाला उठली. पुढच्या दारानं बाहेर पडून ती घराला वळसा घालून, शेरडांच्या गोठ्यामागं असलेल्या लोखंडी जिन्यानं वर गेली. बुटांचा ठणठण आवाज आला. सुजित तिच्यामागं धावला. गवराबाई जागची हलली नाही.

अर्ध्या तासानं बाई रिकाम्या हातानं गेली.

"वही कशाला हुडकतोस?" गवराबाई म्हणाली. "बाई कशी मेली ते हुडक."

"मावशी, पोलिसांनी सांगितलंय ना."

गवराबाईनं फळीवरचा डबा काढला. आत कागदात एकच कुरडई होती. चपटी झालेली, अख्खी, आणि तिच्या अंगावर बारीक चांदण्यांची नक्षी.

"गच्चीवर व्हती. काय दिसतंय?"

"कुणीतरी बुटानं तुडवलीय. पोलीस असतील, पंचनाम्याला आलेले."

"आनखी?"

"आणखी काय दिसायचं?"

"जाऊ दे. माझ्या बहिनीनं तुला जरा जास्तच दूध पाजलं."

*

बुधवारी सकाळी दोघं बबनरावाच्या ऑफिसात गेले. बबनराव गवराबाईचा चुलत दीर, माजी सरपंच, कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार. स्वरूपाच्या निबंधातला ओट्यावरचा माणूस तोच, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ग्रामसभेत सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला होता, "बाई, पाय मोडून हातात देईन."

"वहिनी, तुमीच यायचं राहिला व्हता," त्यानं खुर्ची दिली. "बोला, मीच ढकलली असं म्हनायचंय का?"

"तू साखरपुड्याला नव्हतास."

"न्हवतो. गुरवारी मशिनी बंद असत्यात, तवाच माजी पोरं आत जाऊन टाक्या धुत्यात. मी सकाळी आठ ते चार गेटाच्या आत. पार कँटीनलाबी कुलूप, डबा न्यावा लागतो. गेटावर सही हाय, क्यामेरा हाय." त्यानं सुजितकडं बघितलं. "जा भावा, बघून ये."

"धमकी तर दिली होती तुम्ही, राव," सुजित म्हणाला.

"दिली. तोंडावर दिली, शंभर मान्सांत दिली. ज्याला खरंच मारायचंय त्यो शंभर मान्सं गोळा करंल का?" मग तो गवराबाईकडं वळला. "वहिनी, ती बाई मला आवडत न्हवती. पन माज्याबद्दल लिवलेलं मला वाचून दाखवाया ती इथं आली व्हती. एकटी. ह्याच खुर्चीत बसली. म्हनली, यात काय खोटं असंल तर सांगा, काढते."

"मग?"

"मला एक बी ओळ सापडली न्हाई. त्याचाच राग व्हता."

बाहेर आल्यावर सुजित हळूच म्हणाला, "मावशी, एक बोलू? रागावू नकोस. साखरपुड्याला आणखी एक जण नव्हता."

"माहीत हाय," गवराबाई म्हणाली. तिनं घराची वाट धरली.

घरी पोचले तेव्हा हर्षाली गिरणीला निघाली होती, डोक्यावर दळणाचा डबा. "आजच आणते आजी, उद्या गिरणी बंद." गवराबाईनं तिला थांबवलं, डबा खाली ठेवायला लावला आणि पोटुश्या बाईनं ओझं उचलल्याबद्दल आधी तिला, मग तिला उचलू दिल्याबद्दल गोरक्षला झाडलं. मग नातवाला आत बोलावून दार लोटलं.

"वही दे. कणगीपाशी घुटमळताना दिसतोयस मला."

गोरक्षनं एकदा सुजितकडं बघितलं. मग धान्याच्या कणगीत हात घालून काळ्या पुठ्ठ्याची वही बाहेर काढली.

"कवा घेतलीस?"

"घेतली न्हाई आजी. जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी बाईंनीच दिली. निबंधात जबाब हायेत ना कामगारांचे, त्यातले नऊ छापायच्या गडबडीत वाचून दाखवायचे राहिले होते, तेच त्यांना खात होतं. ती नऊ माणसं शोध म्हणाल्या. गुरुवारी मी सगळ्या वस्त्या फिरलो. महाळुंगे, खराबवाडी, पार तळवड्यापर्यंत. एक सापडला न्हाई. त्या नावाचा माणूस कंपनीत कधी नव्हताच."

"मग लपवली का?"

"का म्हंजी?" त्याचा आवाज चढला. "समितीनं त्याच नऊ जबाबांवर सगळं धरलंय. मतदान फिरलं म्हणून काढलं, असं सरळ बोललेली तेवढीच नऊ माणसं. ती खोटी निघाली तर त्रेसष्ट पोरांनी कुठं जायचं? मी कुठं जायचं? बाई तर गेल्याच होत्या. वही पुढं करून काय उपयोग होता?"

"बाईंखेरीज मुलाखती घेणारे तुम्ही दोघं," सुजित म्हणाला. "तू आणि दीपमाला मॅडम. ह्या नऊ कुणी आणल्या, त्याची नोंद आहे?"

"न्हाई."

"मग उद्या कुणी म्हणालं की तूच बनवल्या, बाईंना कळलं, आणि तू साखरपुड्याला न जाता मागं राहिलास…"

"सुजित," गवराबाई म्हणाली, "मला ऐकू येतं."

तिची शाळा तिसरीत सुटलेली. अक्षर लावून वाचायला वेळ लागे, पण आकडे पक्के होते. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागच्या वर्षाचं हर्षालीकडून माळ्यावरून मागवलं, आणि गोरक्षला नऊ मुलाखतींच्या तारखा एकेक वाचायला लावल्या. प्रत्येक तारखेवर ती बोट ठेवी, वर बघे, आणि पुढची विचारी.

"जागा कंची लिवलीय?"

"सगळीकडं एकच. कंपनीचं कँटीन, दुपारच्या जेवणाची सुट्टी."

गवराबाईनं कॅलेंडर गुंडाळलं.

"सुजित, त्या बाईला फोन लाव. वही घावली म्हनावं. उद्या गुरवार हाय, उद्याच ये म्हनावं. आन् फौजदाराला बी बोलीव."

*

गुरुवारी अकराला दीपमाला आली. दारात हर्षाली उभी होती. "ताई, आज चौदा दिवस झाले, फोटोपुढं दिवा लावलाय. बूट तेवढे बाहेर काढा." नाइलाजानं तिनं काढले.

आत बबनराव होता, गोरक्ष होता, चाकणचे फौजदार उद्धवराव होते. इतकी माणसं बघून ती दचकली, पण बसली. पदरानं वारा घेत वर बघून म्हणाली, "लाइट गेलीय का?"

"धालाच गेली," गवराबाई म्हणाली.

"कधी येईल?"

"पाचाला. दर गुरवारी अशीच जाती. कंपन्या बंद, म्हनून तारांची कामं ह्याच दिवशी काढत्यात. गिरनी बंद, पानी बंद. मोटर बी बंद."

दीपमालाचा पदर हातातच राहिला.

"फौजदारसाहेब, मी अडानी बाई, चुकलं तर सांगा," गवराबाईनं सुरुवात केली. "बाईंनी जबाब दिला की बारा वाजता स्वरूपा म्हनली, मोटर लावली. त्यो वार बी गुरवारच. लाइट धाला गेल्याली. टाकी तर आमी पहाटंच भरून गेलो व्हतो. चार वर्सं ह्या घरात ऱ्हायलेली स्वरूपा असं बोलंलच कशी? ते बोलनं स्वरूपाचं न्हवंच. गुरवार म्हंजी काय हे ज्याला माहीत न्हाई, त्यानं रचल्यालं."

"फोन आला होता," दीपमाला म्हणाली. "नोंद आहे त्याची."

"आला असंल. कुठवर आलीस, इतकंच इचारलं असंल. ती कुनाची तरी वाट बघत व्हती."

गवराबाईनं वही गोरक्षच्या हातात दिली. "आता ह्या नऊ मुलाखती. नवाच्या नऊ गुरवारच्या. जागा कँटीन, जेवनाची सुट्टी. बबन, गुरवारी कँटीनमदी कोन असतंय?"

"कुलूप," बबनराव म्हणाला.

"सुजितला वाटलं, माज्या नातवानं रचल्या. पन गोरक्ष पाच वर्सं त्या कंपनीत व्हता. त्यानं खोटं लिवलं असतं तर येकदा तरी सोमवार लिवला असता. गुरवारची जेवनाची सुट्टी इथलं शेंबडं पोर बी लिवनार न्हाई. ज्याला गुरवारीच तास नसत्यात, ज्याला आपला मोकळा दिस तेवढा दिसतो, त्यानंच त्या तारखा घातल्या."

"तारखेत चूक होऊ शकते. त्यावरून कुणाला खुनी ठरवायचं?" दीपमालाचा आवाज वर्गात बोलावा तसा झाला होता. "मी या घरात परवा पहिल्यांदा आले."

"तसं तुमी बोललात. मग वरच्या खोलीचा जिना शेरडांच्या मागं हाय, हे कुनी सांगितलं? नवा मानूस अंगनात उभं ऱ्हाऊन इचारतो. तुमी सरळ गेलात."

सुजित बाहेर जाऊन आला. एका हातात बूट, दुसऱ्या हातात डबा. बूट त्यानं उलटा धरला. तळव्यावर बारीक चांदण्या होत्या.

"कुरडई म्हंजी गव्हाचा चीक," गवराबाई फौजदाराला म्हणाली. "सकाळी आठाला घातली की दुपारपतुर वरून सुकती, आत वली ऱ्हाती. तवा पाय पडला तर चपटी व्हती आन् तशीच वाळती. सांजच्याला कडक झाल्यावर पाय पडला तर चुरा व्हतो. तुमची मानसं सहाला आली, त्येंच्या पायाखाली चुराच झाला, त्यो मी झाडला. ही येकच अख्खी घावली. सुजितला इचारलं काय दिसतंय, तर त्याला चांदन्या दिसल्या. अख्खी हाय हे दिसलं न्हाई. दुपारी बाराच्या सुमाराला त्या गच्चीवर कुनीतरी बूट घालून व्हतं. स्वरूपाच्या चपला जिन्याच्या वरच्या पायरीवर काढल्याल्या व्हत्या. वाळवनात ती कधी पायताण घालून गेली न्हाई."

उद्धवराव खाकरले. "काल तुमचा निरोप आल्यावर मी मॅडमच्या फोनची माहिती मागवली. त्या दिवशी साडेअकरा ते साडेबारा फोन कॉलेजात नव्हता. करंजवाडीच्या टॉवरवर होता."

दीपमालानं दिव्याकडं बघितलं. मग बोलली तेव्हा तिचा वर्गातला आवाज गेला होता.

"ढकलायला आले नव्हते मी. समजवायला आले होते. ती म्हणाली, समितीला आजच कळवते, नऊ जबाब मागं घ्या. मी म्हटलं, त्यात खोटं काय आहे? असंच तर घडलंय इथं. माणसं बोलायला घाबरतात, म्हणून मी त्यांच्या वतीनं लिहिलं. चार वर्षांचं काम, पुढची पाच वर्षं, सगळं एका पत्रानं संपलं असतं. ती कुरडयांवरचं फडकं सारखं करत होती. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. म्हणाली, त्यांना विचारलंस का. तेवढंच सारखं. विचारलंस का. मी तिचा हात ओढला, तिनं सोडवला, आणि मी…"

मग एकदम गवराबाईकडं वळली. हात जोडलेले.

"आजी, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण वही सोमवारपर्यंत बाहेर काढू नका. चारच दिवस. ती बाहेर आली तर त्रेसष्ट जणांचं सगळं बुडेल. तुमच्या नातवाचंसुद्धा. हिच्या पोटात बाळ आहे. मी वाईट असेन, पण जे लिहिलं ते तुमच्यासाठीच लिहिलं."

गोरक्षनं मान खाली घातली. हर्षाली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वही गोरक्षच्या मांडीवर होती, आणि सगळे गवराबाईकडं बघत होते. बाहेर मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा गलका उघड्या खिडकीतून आत येत होता.

गवराबाईनं नातवाच्या मांडीवरची वही उचलली, फौजदाराच्या हातात दिली, आणि दीपमालासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐकू येतंय का? ती पोरं दर गुरवारी तिथंच असत्यात. कामावरची बी आन् काढल्याली बी. येका झाडाखाली येऊन बसली असतीस, येक कप चा पिली असतीस, तर भ्याल्याली मानसं बी बोलली असती. स्वरूपासंगं बोलत व्हतीच की. पन तुला त्येंचं ऐकायचंच न्हवतं, तुला त्येंच्या नावानं बोलायचं व्हतं. बबननं आमच्या पोरांची कामं खाल्ली, तू त्येंचं तोंड खाल्लंस. त्याचा हिशोब मी गावात करीन, तुजा सरकार करंल. सोमवारी माजा नातू मुंबईला जाईल आन् नऊ जबाब खोटे हायेत हे आधी सांगंल, मग सोताचं सांगंल. काम मिळंल, न मिळंल. नाय मिळालं तर आमी उपाशी ऱ्हाऊ, पन जी जगात न्हाईत त्या मानसांच्या जबाबावर माज्या पनतवंडाला दूध पाजनार न्हाई. तू शिकल्याली असशील बाई, पन तुला कुनाचंच ऐकता आलं न्हाई, आन् जिला ऐकता येत व्हतं तिला तू मारलंस. ऊठ. फौजदार थांबल्यात."